बॅटरीवाल्याचं खारं पाणी

दाढ दुखते तेव्हा माणसाला दुसरं काही सुचत नाही. बॅटरीवाल्याचंही सकाळपासून तेच चाललं होतं. उजव्या गालावर रुमाल दाबून तो दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसला होता, आणि त्याच्या आधी चार पेशंट होते. समोरच्या भिंतीला लागून एक काचेची टाकी होती. हाताला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून तो टाकीकडे बघत बसला.

टाकीत खडकाचे तुकडे रचले होते. दोन केशरी मासे होते, अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि तिसरा एक मासा अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. हा तिसरा मासा खडकाच्या एका कपारीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने आ वासला. कपारीतून बोटाएवढी कोळंबी बाहेर आली. लाल पाठ, पाठीवरून खाली उतरणारी पांढरी रेघ, लांबलचक पांढऱ्या मिशा. ती सरळ त्या माशाच्या तोंडात शिरली आणि बारीक पायांनी आत काहीतरी टोकरू लागली. मासा जबडा उघडा ठेवून निपचित उभा. कोळंबीचं काम झालं तसं त्याने तोंड मिटलं आणि तो निघून गेला. मग केशरी मासा आला.

बॅटरीवाल्याचा रुमाल कधी मांडीवर आला ते त्याला कळलं नाही. आतून त्याला हाक आली तेव्हा तो म्हणाला, पुढच्याला पाठवा, मी बसतो जरा.

दातांच्या डॉक्टरांच्या उभ्या आयुष्यात दुखऱ्या दाढेचा पेशंट आपला नंबर सोडतो असं कधी झालं नव्हतं. हा कोण प्राणी म्हणून ते स्वतः बाहेर आले. बॅटरीवाल्याने टाकीकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, आत तुम्ही बसता आणि बाहेर तुमचा कंपाउंडर प्रॅक्टिस करतोय."

डॉक्टर हसले, आणि त्या दिवसापासून कोळंबीचं नाव कंपाउंडर पडलं.

बॅटरीवाल्याचं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे, टायरवाल्याच्या शेजारी. गाड्यांच्या, टेम्पोंच्या बॅटऱ्या उघडायच्या, धुवायच्या, चार्ज करायच्या. वय पन्नाशीला टेकलेलं. त्याच्या एकूण एक शर्टांना अ‍ॅसिडची बारीक बारीक भोकं होती, आणि नवा शर्ट आणला तरी पंधरवड्यात त्याची चाळण होई, म्हणून बायकोने नवे शर्ट आणणं सोडून दिलं होतं. त्याचा स्वभावच असा की समोरची वस्तू कशी चालते ते कळल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. बायको एका बेकरीच्या पॅकिंगमध्ये कामाला होती. ती म्हणायची, यांना पाव दिला तरी हे आधी तो उलटा करून बघतात, फुगला कसा म्हणून.

दाढ निघाली तरी त्याचं दवाखान्यात जाणं सुटलं नाही. दुपारी दुकानात काम नसलं की तो येऊन बसायचा. डॉक्टरही दोन पेशंटांच्या मध्ये बाहेर येऊन शेजारी टेकायचे. दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही. बघणंच जास्त.

मग डॉक्टरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडासा, पेन धरताना. मग आरसा धरताना. एके दिवशी त्यांनी स्वतःच दवाखाना बंद केला, कुणी सांगायच्या आधी. खुर्ची विकली गेली, एक्स-रेचं यंत्र विकलं गेलं, बाक रद्दीवाल्याने नेले. टाकी मात्र कुणाला नको होती. डॉक्टर लेकीकडे राहायला जाणार होते आणि लेकीच्या घरात दोन मांजरी.

त्यांनी बॅटरीवाल्याला विचारलं. तो हो म्हणाला आणि मग घरी जाऊन बायकोला विचारलं.

बायकोने शिलाई मशीन खिडकीखालून हलवलं आणि जागा करून दिली. तिने फक्त एकच विचारलं. "अहो, याचं पाणी बदलायचं कुणी?"

दवाखान्यात दर महिन्याला एक माणूस गाडीतून तयार खाऱ्या पाण्याचे कॅन घेऊन यायचा, नळी लावायचा, अर्ध्या तासात काम उरकून जायचा. बॅटरीवाल्याने त्याला गाठून भाव विचारला. भाव ऐकून हातातला चहाचा कप त्याने हळूच खाली ठेवला. एवढ्यात महिन्याला एक नवी कोरी बॅटरी आली असती.

टाकी आली ती मेहुण्याच्या गाडीतून. बायकोचा धाकटा भाऊ बंदरावर बर्फ पोचवायचा, आणि त्याच्या गाडीत पाण्याने भरलेल्या वस्तू सांडल्या तरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मासे आणि कंपाउंडर झाकणाच्या बादलीत, जुनं पाणी कॅनमध्ये, खडक ओल्या गोणपाटात. संध्याकाळपर्यंत सगळं खिडकीखाली लागलं. कंपाउंडर त्या रात्री दिसला नाही. दुसऱ्या सकाळी तो आपल्या कपारीत येऊन मिशा हलवत उभा राहिला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता पाणी. बॅटरीवाल्याचा पहिला प्रश्न होता की ते बदलायचंच कशाला? टाकीतलं पाणी रोज बोटभर कमी होत होतं, तेवढं त्याला दिसत होतं. पण असं तर बॅटरीतही होतं. बॅटरीतलं पाणी वाफ होऊन जातं, अ‍ॅसिड मागे राहतं, म्हणून आपण वर नुसतं शुद्ध पाणी घालतो. अ‍ॅसिड कधी घालत नाही. इथेही पाणीच उडतंय, मीठ कुठे जातंय? म्हणजे रोज कमी झालं तेवढं शुद्ध पाणी घातलं की झालं.

हे त्याचं अगदी बरोबर होतं. पण अर्धंच.

काही आठवडे तो खुशीत होता. मग काचेवर तपकिरी साय धरली. ती पुसली तर खडकांवर हिरवे केस उगवले. कंपाउंडर सुस्तावला; मासे कपारीपाशी येऊन तोंड उघडून उभे राहायचे आणि ताटकळून परत जायचे. बॅटरीवाला बाटलीत थोडं पाणी घेऊन शोभेच्या माशांच्या दुकानात गेला. तिथल्या बाईंनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलवलं. पाणी बघता बघता लालभडक झालं.

बाईंनी समजावून सांगितलं. मासे खातात, घाण करतात. घाणीचं विघटन होतं, पण शेवटी जे उरतं ते पाण्यातच विरघळून साठत जातं. ते वाफेबरोबर उडत नाही. पाणी बाहेर काढलं तरच जातं.

बॅटरीवाल्याने कपाळावर हात मारला. जुन्या बॅटरीच्या तळाला गाळ साठतो. वरून कितीही पाणी घाला, गाळ कमी होत नाही. शेवटी ती पालथी करून धुवावीच लागते. जन्मभर त्याने हेच केलं होतं, आणि खिडकीखालच्या टाकीच्या बाबतीत नेमकं हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

म्हणजे पाणी बदलायचं. पण कुठलं घालायचं?

बायको म्हणाली, घरात मीठ आहे. दुकानातल्या बाई म्हणाल्या, ते चालत नाही, समुद्रात नुसतं मीठ नसतं. मग काय असतं, हे बॅटरीवाल्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्याने मेहुण्याकडून बंदरावरच्या पाण्याचा एक कॅन मागवला, फडक्यातून गाळून घेतला आणि सुटीच्या दिवशी सकाळी बायकोच्या रुंद पातेल्यात ते पाणी आटवायला ठेवलं.

बायको देवळात जाऊन आली तेव्हा स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं आणि नवरा पातेल्यावर वाकला होता. आधी कडेला खडूसारखा पांढरा थर धरला. त्याने तो चमच्याने खरवडून बशीत काढला, जिभेला लावला; चव काहीच नाही, नुसती कचकच. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम मिठाचे दाणे पडायला लागले, चांगले चौकोनी. तेही काढले. शेवटी तळाला थोडासा पाक उरला. तो काही केल्या सुकेना. त्याची चव घेतली तशी बॅटरीवाल्याची मान शहारली. कडू. आणि स्वतः एकट्याने कडू चाखून तो गप्प बसला असता तर तो बॅटरीवाला कसला? त्याने बायकोलाही चाखायला लावलं.

"हे बघ," तो म्हणाला, "आपल्या मिठाच्या पुडीत नुसता मधला दाणा येतो. खडू गाळून टाकतात आणि हा कडू पाकही टाकून देतात. कंपाउंडर अंगावरचं कवच बनवणार कशाचं?"

बायकोने चूळ भरली. मग पातेल्याकडे बघितलं. तळाला चिकटलेला थर पुन्हा निघाला नाही. ते पातेलं तेव्हापासून मत्स्यखात्यात जमा झालं.

खरा समुद्रच आणावा हे आता पक्कं झालं. तो फुकट होता, आणि खडू, मीठ, कडू सगळं त्यात जागच्या जागी होतं. पण बंदरावरच्या कॅनमधलं उरलेलं पाणी दोन दिवस उघडं राहिलं, तेव्हा त्याच्यावर सप्तरंगी तवंग आलेला त्याला दिसला. बोटींचं तेल. हे आपण टाकीत घातलं असतं तर, असं म्हणत त्याने तो कॅन मोरीत रिकामा केला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, मग टेकडीच्या टोकापलीकडे जाऊ, तिथे खडक आहेत, बोटी येत नाहीत आणि नदीचं तोंडही लांब आहे.

गेले तिघं. मेहुणा, बॅटरीवाला, आणि तिसरे डॉक्टर. ते लेकीच्या घरी कंटाळले होते आणि त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पाण्याला जातोय एवढं कानावर पडलं तसे ते पॅंट दुमडूनच खाली येऊन उभे राहिले. बायकोने बेकरीतून बादल्या दिल्या होत्या. केकच्या पाकाच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या, खाण्याचा पदार्थ ठेवण्याच्या. नुसत्या गरम पाण्याने त्या स्वच्छ निघाल्या. तिची एकच अट होती. दुकानातलं काहीही या कामात वापरायचं नाही. ना नळी, ना नरसाळं, ना कॅन. बॅटरीच्या शिशाचा तिने घरात आधीपासून धसका घेतलेला होता; दुकानातून आल्यावर हात धुतल्याशिवाय ती नवऱ्याला पाण्याच्या भांड्याला शिवू द्यायची नाही.

भरती पुरती चढली होती आणि पाणी काचेसारखं होतं. मेहुणा बादल्या गाडीपर्यंत वाहत होता. डॉक्टर गुडघाभर पाण्यात उभे राहून मगाने बादली भरत होते. त्यांचा हात चांगलाच थरथरत होता. भरलेला मग निम्मा सांडायचा. पण सांडलेलं समुद्रातच सांडत होतं, आणि डॉक्टर पुन्हा मग बुडवत होते. दवाखाना बंद झाल्यापासून त्यांनी घरातल्यांसमोर चहाचा कपसुद्धा उचलला नव्हता, असं त्यांची लेक नंतर बॅटरीवाल्याच्या बायकोला म्हणाली.

बादल्या पलंगाखाली, अंधारात, झाकण लावून ठेवल्या. दुकानातल्या बाईंनी तसं सांगितलं होतं. जिवंत पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते अंधारात मरून तळाला बसू द्यायचे आणि वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. काही आठवडे नवरा-बायको समुद्रावर झोपले.

मधल्या काळात बॅटरीवाल्याला दुसरंच कोडं पडलं. पाण्याचा खारटपणा मोजायचा कसा? मोजण्याचं यंत्र तर तो रोज हातात धरत होता. काचेची नळी, वर रबरी फुगा, पोटात तरंगणारा काटा. अ‍ॅसिड जितकं कडक तितका काटा वर. त्याने दुकानातल्या एका नव्या, न वापरलेल्या यंत्राने भांड्यातलं थोडं समुद्राचं पाणी ओढून बघितलं. काटा तळाला पडून राहिला. त्याने फुगा पुन्हा दाबला. काटा हलेना.

"बाराशे ऐंशी म्हणजे भरलेली बॅटरी," तो डॉक्टरांना म्हणाला. "अकराशेला ती मेलेली. समुद्र त्याच्याही खाली. म्हणजे समुद्र ही पार उतरलेली बॅटरी आहे."

डॉक्टरांनी विचारलं, मग समुद्राचा आकडा किती? तो होता हजार पंचवीसच्या आसपास, आणि बॅटरीवाल्याच्या यंत्रावर तेवढ्या खालचे आकडेच नव्हते. माशांच्या दुकानात एक प्लॅस्टिकची डबी मिळाली, आत सुई असलेली, अगदी स्वस्तातली. पण तिच्यावर विश्वास किती ठेवायचा? एकाच पाण्यात ती सकाळी एक सांगायची, दुपारी एक. तो डबीकडे डोळे लावून बसला तेव्हा त्याला दिसलं की सुईला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि तिला वर उचलतात. डबी हलकेच टिचकी मारून बुडबुडे उडवले की सुई एका जागी येई. ती जागा खरी की खोटी, हे मात्र उरलंच. ते बायकोने सोडवलं. बेकरीतल्या काट्यावर तिने पस्तीस ग्रॅम मीठ तोललं आणि एकूण वजन किलोभर होईल एवढं पाणी त्यात घातलं. दुकानातल्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याचा आकडा समुद्राइतकाच यायला हवा होता. सुई एक घर वर गेली. म्हणजे डबी एक घर जास्त दाखवते, बस. बायकोने नेलपॉलिशने खरी जागा रंगवून टाकली.

पहिलं पाणी बदललं ते एका रविवारी सकाळी. नवी नळी आणली होती. एक टोक टाकीत, दुसरं खालच्या बादलीत; ओढ लागली की पाणी आपोआप उतरतं. टाकीतलं दहाव्या हिश्शाएवढं पाणी काढलं, सोबत खडकांमधली घाण ओढून घेतली. नितळलेलं समुद्राचं पाणी आधीच टाकीशेजारी ठेवून सारखं कोमट केलेलं होतं. ते मगाने, काचेच्या कडेने, अगदी हळू सोडलं. सगळं नीट झालं. एकच गोष्ट चुकली, ती म्हणजे काढलेलं पाणी फुकट कशाला घालवायचं म्हणून बॅटरीवाल्याने ते गच्चीत शेजारच्या काकूंच्या कुंड्यांना घातलं. कुंड्यांनी आठवड्याभरात माना टाकल्या. काकू बरेच दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि मग तो जुनं पाणी मोरीतच ओतू लागला.

पण कुंड्यांनी माना टाकायच्या आधीच मोठं काहीतरी घडलं. पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीवाला दात घासत टाकीपाशी आला आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. तळाच्या वाळूवर कंपाउंडर उताणा पडला होता. पांढराफटक. मिशा, पाय, सगळं जागच्या जागी, पण काहीच हलत नव्हतं.

बायको आली, तिने बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दिवसभर दुकानात गेला नाही. खुर्चीत बसून एकेक कारण तपासत राहिला. पाणी गार होतं का? थर्मामीटर लावला होता. खारट जास्त? सुई खुणेवर होती. तेल? पाण्यावर कागद टेकवून बघितला, डाग नाही. उरलं एकच कारण. नळी भरताना हाताला लागलेलं फडकं. ते दुकानातून आलेल्या पिशवीत होतं. धुतलेलं, पण त्याच पिशवीतलं. हे त्याने बायकोला सांगितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, डॉक्टरांना बोलवा, त्यांचाही होता तो.

डॉक्टर आले. बॅटरीवाल्याने लांब दांड्याच्या चमच्याने कंपाउंडर वर काढला आणि बशीत ठेवला. चमच्यात वजनच जाणवलं नव्हतं, पण त्याच्या ते ध्यानात आलं नाही. डॉक्टरांनी खिशातून आपलं जुनं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, बशी खिडकीकडे वळवली. हात थरथरत होता म्हणून बॅटरीवाल्याने बशी धरली.

"याला डोळे आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण डोळ्यांतून पलीकडचं दिसतंय." मग थोड्या वेळाने, "आत कुणी नाही हो. दातावर बसवायची टोपी असते ना, तशी ही पोकळ आहे."

बॅटरीवाल्याला काही उमगेना. तोवर बायको टॉर्च घेऊन टाकीपुढे गुडघ्यावर बसली होती. कपारीत, सगळ्यात मागच्या अंधारात, दोन पांढरे दोरे हलत होते.

"मिशा आहेत," ती म्हणाली. "तो तिथे आहे. हे त्याचे कपडे आहेत."

बॅटरीवाला जमिनीवर आडवा झाला आणि कपारीत बघत राहिला. आत कंपाउंडर होता, आधीपेक्षा जरा मोठा, रंग नुकताच दिल्यासारखा. तो बाहेर यायला तयार नव्हता. नव्या कवचाला कडकपणा येईपर्यंत तो मऊ असतो आणि कुणीही त्याला खाऊ शकतं, म्हणून लपतो. हे दुकानात गेल्यावर बाईंनी त्याला आणि डॉक्टरांना सांगितलं. आणि पाणी बदलल्यावरच का? त्यावर त्या म्हणाल्या, पाणी बदललं की पुष्कळदा असं होतं, ताज्या पाण्यामुळे असावं, पण नक्की का ते मलाही माहीत नाही. बॅटरीवाल्याला ते उत्तर फार आवडलं. परत येताना त्याने त्या कडू पाकाची आठवण काढली आणि खडूचीही, आणि वाटेत दोनदा थांबून डॉक्टरांना काहीबाही समजावून सांगितलं. ते फडकं मात्र त्याने त्याच दिवशी फेकून दिलं.

कंपाउंडर काही दिवसांनी बाहेर आला, आणि जांभळ्या-पिवळ्या माशाने त्याच्यासमोर तोंड उघडलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी थोडं थोडं पाणी बदलायचं असा शिरस्ता पडला. थोडं असलं की एक बादली पुरते, माशांनाही धक्का बसत नाही आणि चुकलं तरी थोडक्यात चुकतं. डॉक्टर नियमाने यायचे. खालच्या बादलीत नळीचं टोक धरून बसणं हे त्यांचं काम. हात हलला तरी नळी बादलीतच हलायची.

समुद्र मात्र बारा महिने सारखा नव्हता. नद्या फुगल्या तशी मेहुण्याने आणलेली बादली गढूळ निघाली आणि सुई नेलपॉलिशच्या बरीच खाली राहिली. ते पाणी बॅटरीवाल्याने परत पाठवलं. आता दुकानातलं समुद्री मीठ घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याच्या छोट्या पुड्या महाग आणि मोठं पोतं त्या मानाने स्वस्त. पण पोतं एकदा फोडलं की हवेतला ओलावा खाऊन मीठ दगड होतं. मग बाईंनी गावातल्या आणखी तिघा टाकीवाल्यांशी त्याची गाठ घालून दिली आणि चौघांनी मिळून पोतं घेतलं. वाटण्याच्या दिवशी चौघे बॅटरीवाल्याच्या घरी जमले. पोतं फोडणार तेवढ्यात बायकोने अडवलं. बेकरीत पीठ मिसळताना ती रोज बघत होती, की जड ते खाली बसतं, हलकं वर राहतं. पहिल्याला वरचं गेलं तर त्याचा समुद्र वेगळा आणि शेवटच्याचा वेगळा. म्हणून आधी चौघांनी पोतं चारी बाजूंनी धरून लोळवलं, उलटंपालटं केलं, घामाघूम झाले, आणि मग बेकरीच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत वाटणी केली.

मिठात घालायला शुद्ध पाणी हवं, आणि ते बनवण्याची कला तर त्याच्या धंद्यातलीच. बॅटरीचं पाणी शुद्ध करायला तो बारीक मण्यांनी भरलेली नळकांडी वापरायचा. नळाचं पाणी त्यातून जाताना त्यातलं सगळं मण्यांना चिकटून राहतं. बायकोच्या अटीप्रमाणे त्याने एक नवं कोरं नळकांडं मागवलं, ते दुकानात न नेता थेट घरी आणलं आणि मोरीच्या नळाशेजारी टांगलं. मणी निळे होते. ते दमले की खालून वर तपकिरी होत जायचे, आणि तपकिरी रंग आज कुठपर्यंत चढला हे बघायला शेजारच्या काकूसुद्धा यायला लागल्या. तेव्हापासून बोलणं पुन्हा सुरू झालं.

पाणी आणखी कमी बदलावं लागेल असं काही करता येईल का, हा किडा तरीही त्याच्या डोक्यात होताच. टाकीतली घाण हिरव्या केसांना आवडते, मग त्यांनाच का पोसू नये? त्याने खडकांवरून नको असलेलं शेवाळ उपटलं, एका पाकाच्या बादलीत जाळीवर लावलं, वर दिवा ठेवला आणि टाकीचं पाणी छोट्या पंपाने त्यातून फिरवलं. शेवाळ त्या बादलीत असं माजलं की खडकांवरचं आपोआप झडायला लागलं. बाईंच्या काचेच्या नळीत तपासलेल्या पाण्याचा लाल रंग गुलाबीवर आला. बायको महिन्यातून एकदा कात्रीने त्या बादलीची हजामत करायची. पाणी तरी बदलावं लागायचंच, पण आता एखादा रविवार चुकला तरी निभावून जात होतं.

अशी दोन-तीन वर्षं गेली. डॉक्टरांचा डावा हातही थरथरायला लागला होता. त्यांना आता लेक आणून सोडायची आणि दुपारी घेऊन जायची. बॅटरीवाल्याने त्यांच्यासाठी दोन कानांचा कप आणला होता, त्यात ते सगळ्यांसमोर चहा प्यायचे.

अशाच एका रविवारी बादली कोमट झाली होती, नळी काढून ठेवली होती, आणि बायको काच पुसता पुसता थांबली. तिने दोघांना जवळ बोलावलं. मागच्या खडकाच्या बाजूला, कधीच काही नसलेल्या जागी, काडीएवढी मातकट नळी उगवली होती. नळीच्या तोंडातून पिसांचा एक गोल पंखा बाहेर आलेला, नखाएवढा, तांबूस-पांढरा. डॉक्टरांनी भिंग लावलं. त्यांच्या डोक्याची सावली खडकावर पडली मात्र, पंखा गपकन आत गेला. तिघंही जरा मागे सरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने एक पीस बाहेर आलं, मग दुसरं.

हे कुणी आणलं? समुद्राच्या पाण्यातून आलं म्हणावं तर ते पाणी अंधारात इतके आठवडे राहिलेलं. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात असल्यापासून खडकाच्या पोटात झोपलेलं असेल. बायको म्हणाली, फूल आहे. बॅटरीवाला म्हणाला, फूल असं पळून जात नाही, हे खातंय काहीतरी, पिसांनी पाणी चाळतंय. त्याने दिवा जरा बाजूला सरकवला, बायकोने खुर्च्या ओढल्या, आणि पंखा पुरता उघडतो का ते बघत तिघं बसून राहिली. त्या दिवशी पाणी बदलायचं राहूनच गेलं. ते सोमवारी बदललं.